पाय धड, वाट अवघड

मानसिक आजारामुळे आलेलं दिव्यांगत्व मोजायला आपल्या देशात ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीनं ती तयार केली आणि २००२ साली केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तिला जागा मिळाली. तिच्यात डॉक्टर चार गोष्टी पाहतात: माणूस स्वतःची निगा राखतो का, लोकांशी कसा वागतो, बोलणं समजतं आणि बोलता येतं का, आणि काम करतो का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. गुण जितके जास्त तितकी अडचण मोठी. गेल्या दोन वर्षांत किती महिने आजाराची लक्षणं दिसली, त्याचे आणखी एक ते चार. वीसपैकी सात गुण झाले की ४० टक्के दिव्यांगत्व धरतात, आणि बहुतेक सवलतींचा उंबरठा तोच आहे.

आता एक तरुण डोळ्यांपुढे आणा. रोज आंघोळ करतो, घरच्या शेतात वडिलांच्या हाताखाली जमेल तेवढं राबतो, विचारलं तर नीट उत्तर देतो, चारचौघांत मात्र थोडा बाजूला राहतो. निगा शून्य, लोकव्यवहार एक, संवाद शून्य, काम एक. आजार दोन वर्षं अखंड आहे म्हणून त्याचे चार. बेरीज सहा. हा तरुण गावच्या बस थांब्यापलीकडे कित्येक वर्षांत एकटा गेलेला नाही. गर्दीत चढला की सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत असं त्याला वाटतं, छाती भरून येते आणि तो मधल्याच थांब्यावर उतरून रानात चालू लागतो. पण हे कागदावर येत नाही, कारण कोणी विचारलेलंच नसतं. एका गुणानं त्याची सवलत हुकते.

मानसिक आजार असलेल्यांना प्रवासाच्या सवलती कशा मिळतात, का मिळत नाहीत आणि त्या मागायच्या कशा, हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठीत मानसिक आरोग्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, दिव्यांगांच्या योजनांच्या पुस्तिकाही आहेत. या दोहोंच्या मधली ही जागा मात्र रिकामीच राहिली. नव्यानं या विषयाकडे येणाऱ्याला सगळा मुलूख एकदा नजरेखालून घालता यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

मुळात मनाच्या आजाराचा आणि प्रवासाचा संबंध काय, इथून सुरुवात करू. पाय नसलेल्या माणसाला बसची पायरी चढता येत नाही, हे कोणालाही दिसतं. मनाच्या आजारात अडचण आजारागणिक वेगळी असते. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, संशय येतो. भरलेल्या बसमध्ये दोन्ही वाढतात. खोल नैराश्यात माणसानं अंथरुणातून उठून कपडे चढवून थांब्यापर्यंत पोचणं हाच दिवसभराचा डोंगर होतो. पॅनिकचा झटका येणाऱ्याला घाटातली बंद खिडकी आणि पुढचा थांबा दहा किलोमीटरवर, एवढंच पुरतं. मंत्रचळात दार लावलं का, हात धुतले का, हे पुन्हा पुन्हा पाहण्यात गाडी निघून जाते. डिमेन्शियात ओळखीची वाटही अनोळखी होते. दोन टोकांच्या मनोवस्थेच्या आजारात तर उलटाच प्रकार: उन्मादाच्या भरात माणूस सांगितल्याशिवाय निघतो आणि कुठल्या कुठे सापडतो; तेव्हा अडचण प्रवास होत नाही ही नसते, तो आवरत नाही ही असते.

त्यावर औषधांचा भार. झोप येते, हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं, वारंवार लघवीला जावं लागतं. आणि औषधंच पुन्हा प्रवास करायला लावतात. लिथियम घेणाऱ्याला रक्तातली पातळी ठरावीक काळानं तपासावी लागते. क्लोझापिन सुरू केलं तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी लागते. शहरात ही कोपऱ्यावरच्या लॅबची गोष्ट आहे. जिथं लॅब तालुक्याला किंवा जिल्ह्याला आहे, तिथं ते अठरा प्रवास होतात, आणि दरवेळी सोबतीला घरातलं एक माणूस, म्हणजे दोन तिकिटं आणि एक बुडालेली मजुरी.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं १२ राज्यांत केलं. दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. घरटी महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च होत होते, आणि त्यात मुख्य वाटा उपचार आणि उपचारापर्यंतचा प्रवास यांचा होता. हे वाक्य अहवालात एका ओळीत येतं. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला एक पुस्तक लागतं.

उदाहरणादाखल बाजारकुणंग घ्या: त्याच जोयडा तालुक्यातलं, उत्तर कन्नड जिल्ह्यातलं गाव. तालुका गोव्याला लागून, सह्याद्रीच्या माथ्यावर, बहुतेक सगळा जंगलाचा. त्यातला मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. वस्त्या विरळ, वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची चाल लांब, पावसाळ्यात दरड कधी येईल याचा नेम नाही, आणि मोबाईलची रेंज एका टेकाडावर असते तर दुसऱ्यावर नसते. घरात कोकणी-मराठी बोलतात, कचेरीत कन्नड चालते. जिल्ह्याचं ठाणं कारवार घाटाखाली. मनोविकारांचं जुनं सरकारी इस्पितळ धारवाडला. गोव्याची बांबोळीची मनोविकार संस्था नकाशावर जवळ दिसते, पण मध्ये राज्याची हद्द येते आणि हद्द आली की पास, कार्ड, योजना सगळं बदलतं.

अशा गावातून निघालेल्या एका तपासणीच्या दिवसाकडे जवळून पाहू. पहाटे उठून भाकरी बांधायची. मुलाला आदल्या रात्रीची गोळी दिली तर सकाळी उठवत नाही, नाही दिली तर वाटेत बिथरतो. या दोन्हींतलं एक आई निवडते. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर निम्मं काम झालं, नाही तर पुढच्या थांब्यापर्यंत ती त्याचा दंड धरून उभी. कंडक्टर कार्ड पाहतो, मग पोराचे पाय पाहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, ‘याला काय झालंय?’ आई ‘डोक्याचं आहे’ म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. इस्पितळात नंबर येईपर्यंत दुपार. परतीची गाडी चुकली तर रात्र थांब्यावर. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा घरचे म्हणतात, आता बरा दिसतो, पुढच्या महिन्यात जाऊ. औषध थांबतं ते असं. त्याला ‘रुग्णाची उदासीनता’ असं नाव देणं सोपं आहे.

सरकार आणि वेडाची वाट यांचं नातं जुनं आहे, पण त्याची सुरुवात सवलतीनं झालेली नाही. १८५८च्या कायद्यानं भटकणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याचं काम पोलिसांना दिलं. १९१२च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टनं तीच चौकट पक्की केली. उत्तर कन्नड १८६२ पासून मुंबई इलाख्यात आणि पुढे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आणि या दक्षिण भागासाठी धारवाडचं वेड्यांचं इस्पितळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होतं. त्या काळात आजारी माणसाचा जो प्रवास सरकारी खर्चानं व्हायचा तो शिपायासोबतचा, आणि एकाच दिशेचा. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला, १९९३ साली अंमलात आला, तरी त्याचा मुख्य भर दाखल करणं आणि सोडणं यावरच राहिला. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीच्या आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळता न आल्यानं मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि वेड्याला एका जागी बांधून ठेवण्याचा प्रश्न देशाच्या चर्चेत आला.

दुसरी वाट दिव्यांगांच्या हक्कांची. १९९५च्या दिव्यांग कायद्यात सात प्रकारांमध्ये मानसिक आजार धरला होता. कागदावर ही मोठी गोष्ट होती, पण मोजणार कसं हे २००२ पर्यंत ठरलं नाही. ठरलं तेव्हाही ‘आयडियाज’ची पहिली मांडणी चार आजारांपुरती होती: स्किझोफ्रेनिया, मंत्रचळ, दोन टोकांचा मनोवस्थेचा आजार आणि डिमेन्शिया. ज्या आजारात प्रवास सगळ्यात आधी तुटतो ते पॅनिक आणि घराबाहेरच्या भीतीचे विकार त्या यादीत नव्हते. भारतानं संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या विसाव्या कलमात माणसाला आपापल्या रीतीनं, आपल्या वेळेला, परवडेल अशा खर्चात हिंडता येणं हा हक्क मानला आहे. त्याच्या प्रकाशात २०१६चा दिव्यांग हक्क कायदा झाला, २०१७ मध्ये अंमलात आला, सातांचे एकवीस प्रकार झाले. पाठोपाठ २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याच्या अठराव्या कलमात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: मानसिक आजार असलेल्या कोणालाही सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तो राहतो त्याच्या जवळ असावी. बाजारकुणंगहून निघालेल्या आईला हे कलम कोणी वाचून दाखवलेलं नसतं.

विलायतेत हीच वाट कशी घडली ते पाहणं उपयोगाचं आहे, कारण तिथं प्रश्न पायापासून मनापर्यंत कसा सरकला हे टप्प्याटप्प्यानं दिसतं. १९७६ साली ब्रिटनमध्ये मोबिलिटी अलाउन्स सुरू झाला तो चालता न येणाऱ्यांसाठी. १९९२ मध्ये त्याच्या जागी आलेल्या भत्त्यात, चालता येतं पण अनोळखी जागी सोबत लागते, अशांसाठी खालची पायरी ठेवली. २०१३ पासून पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट आलं आणि त्यात ‘प्रवासाची आखणी करणं आणि वाट धरणं’ असा स्वतंत्र निकष ठेवला. तीव्र मानसिक त्रासामुळे कुठलाच प्रवास करता येत नसेल तर दहा गुण. ओळखीच्या वाटेनंही दुसऱ्या माणसाशिवाय जाता येत नसेल तर बारा. आठ गुणांना साधा दर, बाराला वरचा. २०१६च्या अखेरीस अपील न्यायाधिकरणानं हे निकष मानसिक त्रासालाही लागू पडतात असा निर्णय दिला. सरकारनं मार्च २०१७ मध्ये नियमच बदलून मानसिक त्रासामुळे वाट न धरता येणाऱ्यांना त्यातल्या वरच्या पायऱ्यांवरून बाहेर ठेवलं. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं तो बदल उघड भेदभावाचा ठरवला. पुढच्या महिन्यात सरकारनं अपील न करण्याचं जाहीर केलं आणि सुमारे १६ लाख दावे पुन्हा तपासायला घेतले. ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये दिव्यांगांच्या गाड्यांसाठीचा ‘ब्लू बॅज’ न दिसणाऱ्या दिव्यांगत्वालाही मिळू लागला.

आपल्याकडे तसा रोख भत्ता नाही, आणि ब्रिटनची व्यवस्था आदर्श आहे असंही नाही. तिथल्या तपासण्यांनी आजारी माणसांना किती छळलं याच्याही कहाण्या आहेत. पण तिथं वाद प्रवासावर झाला. आपल्याकडे वाद टक्क्यांवर होतो.

आता आपल्याकडे काय मिळतं ते. कर्नाटकात राज्य परिवहनाच्या बसमध्ये दिव्यांग कार्ड असलेल्यांना वर्षाचा सवलतीचा पास ६६० रुपयांत मिळतो आणि तो राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत चालतो. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या बसमध्ये तिकीटच नाही. याचा एक अनपेक्षित फायदा असा की सोबतीला आई किंवा बहीण आली तर तिचा खर्च शून्य. बाप किंवा भाऊ आला तर तिकीट. कुटुंबात आजारी माणसाची सोबत बायकांवर आणखी ढकलली जाते, तीही याच कारणानं. महाराष्ट्रात एसटी ४० टक्के आणि त्यापुढच्या दिव्यांगत्वाला ७५ टक्के सवलत देते, आणि ६५ टक्क्यांपुढे मदतनीसालाही ५० टक्के. मदतनीस मान्य केला ही मोलाची गोष्ट, पण मानसिक आजारात सोबत लागण्याचा संबंध टक्क्यांशी सरळ नसतो. पॅनिकच्या माणसाला ४५ टक्केच मिळतील आणि सोबत मात्र प्रत्येक वेळी लागेल.

रेल्वेची गोष्ट त्याहून वेगळी. रेल्वेच्या दिव्यांग सवलतीत चार गट आहेत: सोबतीशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, सोबतीशिवाय प्रवास न करू शकणारे बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध, आणि ऐकणं-बोलणं दोन्ही नसलेले. रुग्णांच्या वेगळ्या यादीत कर्करोग, थॅलेसेमिया, हृदयविकार, मूत्रपिंड, क्षयरोग असे आजार आहेत. मनोरुग्ण या दोन्ही याद्यांत नाही. कायद्याच्या एकवीस प्रकारांत असलेला माणूस रेल्वेच्या खिडकीशी येऊन थांबतो. मोटारीवरची जीएसटीतली सवलतही अस्थिव्यंगापुरतीच ठेवली होती. सगळी रचना पायाभोवती उभी राहिली, कारण सुरुवातीला दिसत होते ते पायच.

या विषयाकडे पाहण्याच्या तीन रीती आपल्याकडे रुजल्या आहेत. पहिली वैद्यकीय: निदान, औषध, टक्के, प्रमाणपत्र. तिच्याशिवाय कागद मिळत नाही, पण तिची नजर माणसावर थांबते, वाटेपर्यंत जात नाही. दुसरी सामाजिक: १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या शारीरिक दिव्यांगांनी मांडलेली, की अडथळा शरीरात नाही, समाजाच्या रचनेत आहे. या विचाराला मनाच्या आजारापर्यंत आणायला वेळ लागला. आपल्याकडे पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी आजार भोगलेल्यांच्या बाजूनं, त्यांच्या संमतीच्या आणि हक्काच्या भाषेत हा आग्रह धरला. या बाजूचा एक प्रश्न टाळता येत नाही: सवलतीसाठी वेडाचा शिक्का असलेलं कार्ड कंडक्टरपुढे धरायला माणसानं का तयार व्हावं? पुष्कळ जण ठरवून कार्ड काढत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नाही.

तिसरी रीत सामुदायिक सेवेची: माणसाला सेवेकडे नेण्यापेक्षा सेवा माणसाकडे न्या. कर्नाटकाचा यात मोठा वाटा आहे. निम्हान्सनं १९८५ ते १९९० मध्ये बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ मंगळवारी तालुक्याच्या रुग्णालयात येऊ लागले. गोव्यात ‘संगाथ’नं गावच्या साध्या कार्यकर्त्यांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेवर उपचार करता येतात हे दाखवलं, त्याचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कुटुंबीयांची चळवळही याच काळातली. कॅनडात राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामुळे हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय झाला.

या तीन रीतींत भांडण लावून द्यायची गरज नाही. डॉक्टर जवळ आला तर प्रवास कमी होतो, पण संपत नाही. कार्ड काढायला, रक्त तपासायला, बाजाराला, लग्नाला, मतदानाला, जत्रेला माणसाला जावंच लागतं. प्रवास म्हणजे केवळ दवाखान्याची वारी असं धरलं तर आजारी माणसाचं आयुष्य आपण दवाखान्याएवढंच करून ठेवतो. बरं वाटणं याचा अर्थ सोबतीशिवाय गोव्याच्या कामावर जाऊन महिन्यानं परत येता येणं, असं या भागातली तरुण पोरं सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालायला कारण नाही.

हे आत्ताच का लिहायचं? एक तर कागदाची पद्धत बदलली आहे. दिव्यांगांच्या यूडीआयडी या ओळखकार्डाचा अर्ज आता ऑनलाइन होतो, देशभर एकच ओळख चालते, आणि त्यामुळे राज्यांच्या हद्दीवर राहणाऱ्यांना पहिल्यांदाच काही आशा आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता आणि तालुक्याला बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता असतो. अर्ज भरून देणं हे त्यांचं काम आहे, हेच पुष्कळ घरांना माहीत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा आहे, म्हणजे काही बोलणं फोनवर होऊ शकतं, रेंज असली तर. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सांगितलं. ते नियम ठरताना रॅम्प आणि स्पर्शाच्या फरशा येतील हे नक्की. बसमध्ये शांत जागा, थांबा आल्याचं स्पष्ट सांगणं, कार्डावर आजार न छापता फक्त सवलतीची खूण, या गोष्टी आत्ता मागितल्या तरच येतील.

दुसरं कारण आकड्यांचं. २०११च्या जनगणनेत दोन कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी मानसिक आजाराच्या रकान्यात सुमारे सात लाख २२ हजार माणसं निघाली. राष्ट्रीय सर्वेक्षणातले दर पाहता हा आकडा फारच लहान आहे. घरी आलेल्या गणकाला ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ सांगणारी घरं किती असतील, याचा अंदाज कुठल्याही गावातल्या माणसाला करता येईल. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी बसमधली जागा राखली जात नाही.

या पुस्तकानं काय करायचं ठरवलं आहे ते आता थोडक्यात. ते योजनांची यादी नाही. याद्या दरवर्षी बदलतात आणि पुस्तक छापून होईपर्यंत शिळ्या होतात. त्याचा मुख्य प्रयत्न एक सवय लावण्याचा आहे: आजार सांगताना प्रवास सांगायची. तपासणीला गेलेल्या कुटुंबाला डॉक्टर विचारतात, ‘कसा आहे?’ आणि आई म्हणते, ‘आता बरा आहे हो.’ ती खोटं बोलत नाही. तिला पोराची लाज झाकायची असते, आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये असंही वाटतं. तिनं सांगावं ते असं: गेल्या तीन महिन्यांत तो कुठं कुठं गेला, कोणाबरोबर, एकटा निघाला तेव्हा काय झालं, किती वेळा अर्ध्या वाटेतून परतला, सोबत येणाऱ्याची किती दिवसांची मजुरी बुडाली. तारखा वहीत लिहून ठेवल्या तर आणखी चांगलं. मोजपट्टीत प्रवासाचा रकाना नसला तरी कामाच्या आणि लोकव्यवहाराच्या रकान्यात या गोष्टी बसतात. डॉक्टरांपर्यंत त्या पोचायला हव्यात. आधी घाडी म्हणजे गावचा मांत्रिक, मग देवस्थान, मग दवाखाना असा ज्यांचा क्रम झाला त्यांनीही तो सांगावा. त्यातूनच आजार किती जुना हे कळतं.

पुस्तक तीन वाचकांसाठी आहे. पहिले कुटुंबीय आणि आजार भोगणारी माणसं. दुसरे आशा सेविका, ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते, मराठी शाळांचे शिक्षक, म्हणजे कन्नड अर्ज आणि मराठी घर यांच्या मधली माणसं. तिसरे डॉक्टर आणि अधिकारी. त्यांना इथं उपदेश नाही, फक्त हे दाखवायचं आहे की त्यांच्या टेबलावर आलेला माणूस तिथपर्यंत कसा आला, हेही तपासणीचा भाग असू शकतं.

ही प्रस्तावना वाचून कोणाला असं वाटेल की साध्या तिकिटाच्या सवलतीसाठी एवढं मोठं शास्त्र कशाला. तिकीट लहानच आहे. पण ज्या घरात औषध, मजुरी आणि गाडीभाडं एकाच डब्यातून निघतं, तिथं तिकीट वाचलं की औषध महिनाभर पुरतं. आणि सवलत मिळाली की कार्डाला, आजाराला, सोबत येणाऱ्याला एक अधिकृत जागा मिळते. पुढच्या मागण्या त्या जागेवर उभ्या राहतात.

दोन गोष्टी मात्र वाचकानं पुस्तक मिटल्यावरही लक्षात ठेवाव्यात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागायचं. ते देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आणि त्या कारणावर समाधान नसेल तर २०१६च्या कायद्यात अपिलाची तरतूद आहे. तोंडी ‘नाही’ ऐकून परतणाऱ्या घरांची संख्या कमी करणं, एवढंच या पुस्तकाचं यश मोजण्याचं माप आहे.